डेब की फ्लॅटपॅक? या भांडणात राहून गेलेला माणूस

जुन्या संगणकांवर लिनक्स टाकून अभ्यासिका चालवणाऱ्या दोन-तीन कार्यकर्त्यांनी अलीकडे मला एकच प्रश्न विचारला : "ताई, सॉफ्टवेअर डेबने टाकायचे की फ्लॅटपॅकने?" प्रश्न दिसायला तांत्रिक आहे. पण याच प्रश्नावरून धुळ्याच्या एका सहकाऱ्याशी माझा तीन आठवडे अबोला होता आणि त्यात मुलांचे नुकसान झाले. म्हणून एका ओळीत उत्तर न देता सगळी हकिकत सांगते. तीत माझी बाजू पडती आहे, हे आधीच कबूल करते.

जळगावात विहाराला लागून असलेल्या एका खोलीत आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तिथे देणगीत मिळालेले सात संगणक आहेत. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम. विंडोजची नवी आवृत्ती त्यांना पेलत नाही, म्हणून त्यांच्यावर डेबियन टाकले. नेट म्हणजे माझ्या मोबाईलचे हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. धुळ्यात असाच वर्ग माझा सहकारी चालवतो. विद्यापीठात तो माझ्या दोन वर्षे मागे होता. मी समाजशास्त्राची, तो संगणकाचा. एरवी मला मान देतो, पण लिनक्सचा विषय निघाला की माझे ताईपण संपते.

आधी वाद कशाचा ते समजून घेऊ

ज्यांनी एमएस-सीआयटी केले आहे त्यांना सेटअप फाइल डाउनलोड करून दोनदा क्लिक करायची सवय असते. लिनक्सवर जुनी रीत वेगळी आहे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प सुरू केला, त्याची पॅकेजे डेब या प्रकारची. त्याच दशकात रेड हॅटने आरपीएम आणले. या दोन्ही प्रकारांत प्रोग्राम एकटाच येतो. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे सामायिक भाग, सिस्टिममध्ये एकदाच असतात आणि सगळे प्रोग्राम त्याच वापरतात. आपल्याकडच्या भरीत पार्टीसारखे समजा. वांगी एकत्र भाजली, मीठ-मिरची एकाच ठिकाणी, सगळ्यांनी तिथूनच घ्यायचे. खर्च कमी, जागा कमी. पण मीठ बिघडले तर सगळ्या पंगतीचे बिघडते.

दुसरी रीत म्हणजे प्रत्येकाने आपला डबा घरून आणायचा. प्रोग्रामसोबत त्याच्या लायब्रऱ्याही बांधून येतात, म्हणून सिस्टिम कोणती, जुनी की नवी, याने फारसा फरक पडत नाही. फ्लॅटपॅक हे नाव २०१६ पासूनचे. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचे स्नॅपही त्याच सुमारास पुढे आले. अ‍ॅपइमेज त्याहून जुने आहे, त्याचे मूळ २००४ मधल्या क्लिक या प्रकल्पात आहे. अ‍ॅपइमेज म्हणजे एकच फाइल : कॉपी करा, चालवायची परवानगी द्या, उघडा.

माझी बाजू

मी डेबवाली. कारण तांत्रिक कमी आणि विचाराचे जास्त होते. डेबियनच्या मागे कुठली कंपनी नाही. १९९७ मध्ये या लोकांनी आपला सामाजिक करार लिहिला. १९९८ मध्ये संविधान स्वीकारले. होय, त्या दस्तऐवजाचे नावच संविधान आहे. दरवर्षी सभासद मतदान करून नेता निवडतात आणि नेत्याचा निर्णय सर्वसाधारण ठरावाने फिरवूही शकतात. नवा सभासद आला की त्याची ओळख पटवली जाते आणि त्याने चढवलेल्या पॅकेजवर त्याची डिजिटल सही लागते. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला आणखी काय हवे? जगभर विखुरलेले हजारभर लोक पगार नसताना नियम करून तीस वर्षे एकत्र काम करतात, हे मला मोठे वाटते. आजही वाटते.

त्याउलट, स्नॅपची दुकानदारी एकाच कंपनीच्या सर्व्हरवर चालते आणि त्या सर्व्हरचा कोड खुला नाही. लिनक्स मिंटने याच मुद्द्यावर २०२० मध्ये आपल्या विसाव्या आवृत्तीत स्नॅपला आपोआप शिरायला बंदी केली. २०१८ मध्ये स्नॅप स्टोअरवरच्या एका खेळात गुपचूप आभासी चलनाचे खाणकाम करणारा कोड सापडला होता. हे सगळे मी माझ्या सहकाऱ्याला ऐकवायची. तो म्हणायचा, "मी स्नॅप कुठे वापरतो? मी फ्लॅटपॅकवाला." मी दोघांना एकाच दावणीला बांधायची. वाद जिंकायचा असला की आपण असेच करतो.

त्याची बाजू

त्याचे म्हणणे साधे होते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, मधल्या काळात तिच्यात मोठे बदल होत नाहीत. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत लिब्रेऑफिस ७.४ होते, ते तिथेच थांबले. बाहेरचे जग पुढे गेले. "मुलांना नोकरी लागेल तिथे नवे सॉफ्टवेअर असेल. तुम्ही त्यांना शिळे का शिकवता?" असा त्याचा सवाल होता. शिवाय फ्लॅटपॅकमध्ये प्रोग्राम बनवणारा थेट वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतो, मध्ये कोणी अडत्या नाही. कापूस विकणाऱ्या घरातला मुलगा आहे, त्याला अडत्या हा शब्द नीट माहीत आहे.

त्यावर मी म्हणाले, मेंटेनर हा अडत्या नसतो. तो माल पारखतो, त्रुटी दुरुस्त करतो, कमिशन घेत नाही. त्यावर तो अहिराणीत एवढेच म्हणाला, "ताई, आठे पेनड्राइव्ह चालस, भाषण नही." मी फोन ठेवला. तिथून अबोला सुरू झाला.

माझी फजिती

मार्च २०२४. चौदा एप्रिलसाठी दोन्ही अभ्यासिकांची मुले मिळून एक छापील अंक काढणार होती. अर्धी पाने धुळ्यात, अर्धी जळगावात. धुळ्याच्या मुलांनी पाने लिब्रेऑफिस २४.२ मध्ये मांडली. आमच्या ७.४ मध्ये ती उघडली तेव्हा चौकटी सरकल्या, तक्ते पुढच्या पानावर गेले. एका मुलीने दोन दिवस बसून केलेले मुखपृष्ठ विस्कटले. ती काही बोलली नाही, नुसती पडद्याकडे बघत राहिली.

आता सरळ मार्ग कोणता होता? धुळ्याला फोन करणे. पण अबोला होता ना! मग मी डेबवर राहूनच नवी आवृत्ती मिळवायचे ठरवले. डेबियनच्या टेस्टिंग शाखेचे भांडार आमच्या स्थिर सिस्टिममध्ये जोडले. असे करू नका, हे डेबियनचीच कागदपत्रे बजावून सांगतात. मी ते वाचलेही होते. रात्री दोन संगणकांवर काम सुरू केले. पहिल्यावर पॅकेजे अर्धवट बसलेली असताना वीज गेली, आमच्याकडे यूपीएस नाही. दुसऱ्यावर काम पुरे झाले, पण सकाळी लॉगिनचा पडदाच येईना. सातातले दोन संगणक गेले आणि अंक पंधरा दिवसांवर आलेला.

यात डेबचा दोष नव्हता. भरीत एका पार्टीचे आणि मीठ दुसऱ्या पार्टीचे मी केले होते. पण मुलांना दोष कोणाचा याच्याशी काय देणे?

त्यातच ३० मार्चला बातमी वाचली. आदल्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने उघड केले होते की, फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या प्रोग्राममध्ये कोणी तरी चोरदार ठेवले आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो कोड नव्हता, टेस्टिंगमध्ये होता. मी दुसऱ्या संगणकाची यादी काढून पाहिली. एक्सझेड ५.६.०. माझ्या हातानेच आलेले. ते चोरदार एसएसएच सर्व्हरसाठी होते आणि आमच्या संगणकांवर तो सर्व्हर नाही, त्यामुळे धोका जवळपास नव्हता. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या स्थिरतेचे मी गुणगान करत होते, तीच मी हाताने काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला फोन केला. तो "जय भीम ताई" म्हणाला आणि थेट विचारले, "किती संगणक गेले?"

शनिवारी, ६ एप्रिलला, तो एसटीने पारोळा-एरंडोल मार्गे आला. खिशात पेनड्राइव्ह. त्यात लिब्रेऑफिसची अ‍ॅपइमेज. आमच्या चालू असलेल्या पाच संगणकांवर ती कॉपी केली आणि उघडायला गेलो तर उघडेना. सगळे डब्यात बांधून आणणाऱ्या अ‍ॅपइमेजला स्वतःला उघडायला फ्यूजची एक जुनी लायब्ररी सिस्टिममध्ये लागते, ती आमच्याकडे नव्हती. त्याने पेनड्राइव्हमधून तिचे छोटेसे डेब काढले. अ‍ॅपइमेज चालवायला डेब लागले! आम्ही दोघे हसलो, अबोला तिथे संपला. मुखपृष्ठ जसेच्या तसे उघडले. अंक वेळेवर निघाला.

त्याचीही फजिती

गोष्ट इथे संपली असती तर मी फ्लॅटपॅकवाली झाले असते. पण मे महिन्यात त्याचा फोन आला. फ्लॅटपॅकचे लहानसे प्रोग्रामही ज्या पायाभूत संचावर चालतात तो संच शेकडो एमबीचा असतो. एक प्रोग्राम एका आवृत्तीचा संच मागतो, दुसरा दुसऱ्या आवृत्तीचा. त्याच्या संगणकांच्या जुन्या हार्ड डिस्क भरत आल्या होत्या. त्यात एका विद्यार्थ्याने उत्साहाने सगळे अपडेट सुरू केले आणि दिवसाचा डेटा पंधरा मिनिटांत संपला. त्या संध्याकाळी तिघांना परीक्षेचे अर्ज भरायचे होते. ते सायबर कॅफेत पैसे देऊन भरावे लागले.

मी "बघ, सांगितले होते" म्हणाले नाही. मार्च आठवत होता.

मग प्रश्न काय आहे?

या दोन फजितींनंतर मी नीट वाचायला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आम्ही दोघे डब्याबद्दल भांडत होतो. डबा कोण भरतो याचा विचार दोघांनीही केला नव्हता.

एक्सझेडचेच बघा. तो प्रोग्राम जगभरच्या लिनक्समध्ये आहे. त्याची देखभाल वर्षानुवर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक करत होता, तोही थकलेला. ‘जिया टान’ या नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षे मदत करून त्याचा विश्वास मिळवला, सहमेंटेनर झाला आणि मग विष कालवले. तो घातक कोड बांधणी डेबची किंवा आरपीएमची चालली आहे का, हे तपासूनच स्वतःला आत घालत होता. म्हणजे डेबच्या सह्या आणि नियम असूनही माल मुळातच नासवता आला. तरी त्याच नियमांमुळे तो स्थिर आवृत्तीत पोहोचण्याआधी पकडायला वेळ मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसरे उदाहरण. जून २०२३ मध्ये रेड हॅटने जाहीर केले की, आपल्या पुढच्या व्यावसायिक आवृत्तीत लिब्रेऑफिसचे आरपीएम देणार नाही आणि फेडोरामधल्या त्या पॅकेजांची जबाबदारीही सोडत आहोत. ज्यांना हवे त्यांनी फ्लॅटपॅक घ्यावे. कंपनीने आपले पगारी हात दुसऱ्या कामाला लावले, एवढेच त्यामागे होते. मग फेडोराच्या स्वयंसेवकांनी पुढे येऊन ते काम उचलले, म्हणून आरपीएम टिकले. फॉरमॅट टिकतो की जातो, हे त्याच्या गुणांइतकेच त्यासाठी रोज कोण बसते यावर ठरते.

लांब कशाला जायचे? आपण मराठीत टंकलेखन करतो तो लोहित फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला. रेड हॅटने २००४ मध्ये तो मुक्त परवान्याखाली खुला केला आणि पुढे रेड हॅटच्या पुण्याच्या कचेरीतल्या लोकांनी त्याची निगा राखली. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, ते वळण मराठी मजकुरात आपोआप यावे याची सोय त्यात आहे. ती सोय कोणा परदेशी माणसाच्या डोक्यात आपोआप आली नसती. आणि हाच फाँट डेबियनसाठी वेगळ्या माणसाने बांधायचा, फेडोरासाठी वेगळ्याने. एकच काम दोनदा होते, ही फ्लॅटपॅकवाल्यांची तक्रार चुकीची नाही. पण दोन जोडी डोळे ते तपासतात, हे डेब-आरपीएमवाल्यांचे उत्तरही चुकीचे नाही.

आणखी एक नाव सांगते. एप्ट-ऑफलाइन. हे साधन रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन सभासदाने लिहिले आहे. ज्या संगणकाला नेट नाही त्यावर ‘काय काय हवे’ याची यादी फाइलमध्ये काढायची. ती फाइल नेट असलेल्या संगणकावर न्यायची, पॅकेजे उतरवायची, पेनड्राइव्हवर परत आणून बसवायची. चार वर्षे अभ्यासिका चालवूनही मला हे माहीत नव्हते. मी हॉटस्पॉटवर डेटा जाळत होते. आपल्यासारख्यांच्या अडचणीचा विचार एका माणसाने आधीच करून ठेवला होता आणि आम्ही दोघे फॉरमॅटच्या थोरवीवर भाषणे देत होतो.

इथे एक सावधगिरी. आपल्या वर्तुळात कुठल्याही भेदाला लगेच उतरंड म्हणायची सवय आहे. डेब वरचे आणि स्नॅप खालचे, ही उतरंड आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांनी खरी उतरंड सोसली त्यांच्यासमोर तो शब्द असा स्वस्त करू नये. फॉरमॅटची आवड परिस्थितीतून येते. ज्याच्याकडे फायबरचे नेट आणि नवा लॅपटॉप आहे त्याला फ्लॅटपॅक सुखाचे वाटणारच. ज्याच्याकडे दोन जीबी रॅम आहे त्याला डेब परवडते. ज्याला एसटीने जायचे आहे त्याला अ‍ॅपइमेज. आक्षेप एवढाच आहे की, आपल्या परिस्थितीतून आलेली आवड दुसऱ्याला तत्त्व म्हणून सांगू नये. मी तेच केले होते.

आता आम्ही काय करतो

दोन्ही अभ्यासिकांनी मिळून साधे नियम केले आहेत. मूळ सिस्टिम, फाँट, कळफलक आणि रोजचे लिब्रेऑफिस डेबियनच्या स्थिर आवृत्तीतूनच. एखादा प्रोग्राम नवाच हवा असेल तर फ्लॅटपॅक, पण एकच पायाभूत संच ठरवून. तोही तीन महिन्यांतून एकदा धुळ्यात उतरवायचा आणि पेनड्राइव्हवर घेऊन दोन्हीकडे बसवायचा, फ्लॅटपॅकमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञाच आहे. अ‍ॅपइमेज अडीअडचणीला आणि ती मूळ संकेतस्थळावरूनच. अ‍ॅपइमेजमध्ये मराठी टंकन चालते का, हे आधी तपासायचे. कारण डब्यात कळफलकाशी जोडणारा दुवा बांधलेला नसेल तर इंग्रजीच उमटते. हॉटस्पॉटवर आपोआप होणारे अपडेट बंद, पण सुरक्षेचे अपडेट महिन्याला एप्ट-ऑफलाइनने, न चुकता. आणि भांडार बदलायचे असेल तर दोघांची संमती. ही अट माझ्यासाठी आहे.

शेवटची गोष्ट. दर वेळी नवा संगणक आला की तीच वीस पॅकेजे हाताने टाकावी लागत. धुळ्याच्या सहकाऱ्याने मुलांना इक्विव्हस हे साधन दाखवले. त्याने एक रिकामे डेब बनवता येते, ज्याच्या पोटात प्रोग्राम नसतो, फक्त कशाकशाची गरज आहे त्याची यादी असते. ते बसवले की बाकीचे आपोआप ओढले जाते. मुखपृष्ठ विस्कटलेल्या त्याच मुलीने आमच्या अभ्यासिकेचे डेब बनवायला घेतले. लिब्रेऑफिस, त्याची मराठी भाषाफाइल, लोहित, कळफलक, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस. यादी लिहून झाल्यावर एका ओळीवर ती अडली. ‘मेंटेनर’ अशी ओळ होती. पुढे नाव आणि ईमेल लिहायचे होते.

"दादांचे लिहू का ताई, की तुमचे?"

मी विचारले, उद्या हे चालले नाही तर दुरुस्त कोण करणार? ती म्हणाली, मीच. मग तुझेच लिही.

तिने स्वतःचे नाव लिहिले. काही केबीची फाइल. आठवड्याने धुळ्यातून तिला पहिली तक्रार आली, एका पॅकेजचे नाव चुकले होते. तिने ते दुरुस्त करून आवृत्ती १.१ पाठवली.

तेव्हा ज्यांनी मला प्रश्न विचारला त्यांना माझे उत्तर असे : तुमचे संगणक, तुमचे नेट आणि तुमचा प्रवास बघून जो फॉरमॅट परवडेल तो घ्या, त्यावरून कोणाशी अबोला धरू नका. पण येत्या सहा महिन्यांत तुमच्या अभ्यासिकेतल्या किमान एका मुलाला किंवा मुलीला पॅकेज बांधायला शिकवा. वापरणारे आपण पुष्कळ आहोत, बांधणारे फार थोडे. डेब असो की फ्लॅटपॅक, त्या ओळीपुढे आपल्यातल्या कोणाचे तरी नाव असायला हवे.